लिम्फोमात स्टेरॉइड कशासाठी? पेशी मारणारी आणि जगवणारी गोळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी क्लिनिकल फार्मासिस्ट आहे. केमोच्या डे-केअरमध्ये रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना औषधं समजावून सांगणं हे माझं रोजचं काम. गेली काही वर्षं तेच ते प्रश्न येत आहेत, काही तोंडी, काही रात्री अकराला मेसेजवर. सगळ्यात जास्त प्रश्न सगळ्यात स्वस्त गोळीबद्दल असतात, म्हणजे प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडबद्दल. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. साधे प्रश्न आधी, गुंतागुंतीचे नंतर. तुमच्या रुग्णाचा डोस आणि वेळापत्रक मात्र तुमचे डॉक्टरच ठरवतील.

१. केमोच्या कागदावर प्रेडनिसोलोन लिहिली आहे. ही तर दम्याची, सांधेदुखीची गोळी. कॅन्सरमध्ये कशाला?

कारण लिम्फोमात, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरमध्ये, ती स्वतःच कॅन्सरवरचं औषध आहे. 'आर-चॉप' या नेहमीच्या केमोच्या नावातलं शेवटचं अक्षर तिचंच. रिटुक्सिमॅब, सायक्लोफॉस्फमाइड, डॉक्सोरुबिसिन आणि विन्क्रिस्टिन सलाइनमधून जातात. प्रेडनिसोलोन घरी तोंडाने घ्यायची, बहुतेकांना रोज १०० मिलिग्रॅम, पाच दिवस, दर २१ दिवसांनी. सलाइन मोठं दिसतं, गोळी लहान दिसते, त्यामुळे तिला कोणी गांभीर्याने घेत नाही. 'उलटीची असेल' म्हणून ती सोडून देणारे मी पाहिले आहेत. उलटीसाठी केमोच्या आधी शिरेतून जे स्टेरॉइड देतात ते वेगळं, त्याचा या पाच दिवसांशी संबंध नाही.

एका काकांचं उदाहरण कायम लक्षात राहिलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, '१०० मिलिग्रॅम, ५ दिवस'. दुकानातून २० मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळाल्या. काकांनी हिशेब केला, वीस गुणिले पाच म्हणजे शंभर, आणि रोज एकच गोळी घेतली. गणित बिनचूक होतं, फक्त डोस पाचपट कमी गेला. तेव्हापासून मी चिठ्ठीवर 'रोज सकाळी २० च्या पाच गोळ्या, एकदम' असं लिहून खाली रेघ मारते.

२. 'न्यूक्लिअर रिसेप्टर' म्हणजे काय? यात किरणोत्सर्ग असतो का?

नाही. अणुभट्टीशी याचा काही संबंध नाही. इथे न्यूक्लिअर म्हणजे पेशीच्या केंद्रकाशी संबंधित. हे रिसेप्टर म्हणजे पेशीतली प्रथिनं. योग्य संप्रेरक किंवा औषध येऊन चिकटलं की ती थेट डीएनएवर बसतात आणि काही जनुकं चालू करतात, काही बंद करतात. माणसात अशी ४८ प्रथिनं आहेत. कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन, थायरॉइडचं संप्रेरक, व्हिटॅमिन डी, व्हिटॅमिन एपासून बनणारं रेटिनॉइक आम्ल, ही सगळी आपापल्या रिसेप्टरमार्फत काम करतात.

प्रेडनिसोलोन आणि तिच्याच जातीचं डेक्सामेथासोन ज्याला चिकटतात तो ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर. औषध नसताना तो केंद्रकाबाहेर, दुसऱ्या काही प्रथिनांनी धरून ठेवलेला, थांबलेला असतो. औषध पेशीच्या आवरणातून सहज आत शिरतं, त्याला चिकटतं आणि मग तो केंद्रकात जातो. म्हणजे ही गोळी पेशीची तोडफोड करत नाही, ती पेशीला एक हुकूम पोहोचवते. तो हुकूम कोणती पेशी कसा वाचते, यावर पुढचे जवळजवळ सगळे प्रश्न अवलंबून आहेत.

३. हुकूमच पोहोचवते तर पेशी मरते कशी?

आत्मघाताने. प्रत्येक पेशीत स्वतःला संपवण्याची यंत्रणा तयार असते आणि तिला रोखून धरणारी प्रथिनंही असतात. लिम्फोसाइटमध्ये स्टेरॉइडचा रिसेप्टर डीएनएवर बसला की 'बिम' नावाच्या प्रथिनाचं उत्पादन वाढतं. बिम हे मारेकऱ्यांच्या बाजूचं. ते 'बीसीएल-२' सारख्या रक्षक प्रथिनांना अडकवून ठेवतं. रक्षक अडकले की मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या वीजघराच्या) आवरणाला भोकं पडतात, आतलं सायटोक्रोम सी बाहेर येतं, कॅस्पेस नावाची विकरं (एन्झाइम) जागी होतात आणि पेशी आतून व्यवस्थित मोडली जाते. त्याच वेळी पेशीला 'जग, वाढ' असं सांगणारे संदेशही हा रिसेप्टर दाबतो.

याला ॲपॉप्टोसिस म्हणतात. केर, वायली आणि करी यांनी १९७२ साली हा शब्द रूढ केला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पानगळ. विषाने मेलेली पेशी फुटते आणि आजूबाजूला सूज येते. पानगळीत पेशी आकसते, तुकड्यातुकड्यांत बंद होते आणि शेजारच्या पेशी ते तुकडे गिळून टाकतात. १९८० साली वायलींनीच दाखवलं, की स्टेरॉइड दिल्यावर थायमसमधल्या (छातीतल्या, टी-पेशी तयार करणाऱ्या ग्रंथीतल्या) पेशींचा डीएनए ठरावीक अंतरावर कापला जातो. ॲपॉप्टोसिस अभ्यासताना जगभर सगळ्यात जास्त वापरलेलं उदाहरण बहुधा हेच असेल.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. मधे जनुक चालू होणं आणि प्रथिन बनणं या पायऱ्या असल्याने हे क्षणात होत नाही. उंदराच्या थायमसमधल्या पेशींना काही तास लागतात, माणसाच्या ल्युकेमियाच्या पेशींना प्रयोगशाळेत अनेकदा एक दिवस किंवा जास्त.

४. हे लक्षात कधी आलं?

सांधेदुखीवर स्टेरॉइडचा गाजावाजा होण्याच्या आधीच. १९४३-४४ च्या सुमारास डॉहर्टी आणि व्हाइट यांना दिसलं, की ॲड्रिनल ग्रंथीची संप्रेरकं वाढली की उंदरांतल्या लसीका ग्रंथी आणि थायमस आकसतात. १९४४ मध्येच मेयो क्लिनिकमध्ये केंडल यांच्या 'संयुग ई'ने उंदरातली लिम्फोमासारखी गाठ वितळलेली दिसली होती. हेंच यांनी तेच संयुग १९४८ साली संधिवाताच्या रुग्णाला दिलं. कॉर्टिसोन ते हेच. १९५० चं नोबेल हेंच, केंडल आणि राइखश्टाइन यांना मिळालं.

५. गोळ्या सुरू झाल्यावर सीबीसीत पांढऱ्या पेशी १५,००० च्या वर गेल्या. आजार वाढला का?

बहुधा नाही. रिपोर्टमध्ये एकूण आकड्याच्या खाली पाहा, तिथे वाटणी असते. नमुना म्हणून असा रिपोर्ट घ्या: एकूण १५,२००, न्यूट्रोफिल ८६ टक्के, लिम्फोसाइट ९, मोनोसाइट ५, इओसिनोफिल ०. स्टेरॉइड घेणाऱ्याच्या रक्ताची ही ठरलेली छबी आहे. न्यूट्रोफिल चढलेले, लिम्फोसाइट उतरलेले, इओसिनोफिल गायब. मला हा शून्य दिसला की पहिला प्रश्न असतो, 'गोळ्या चालू आहेत ना?'

न्यूट्रोफिल वाढण्याची तीन कारणं आहेत. एरवी त्यांतले बरेचसे रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बसलेले असतात, तिथे ते मोजले जात नाहीत. स्टेरॉइडने ते सुटून प्रवाहात येतात. अस्थिमज्जेतून नवे जास्त बाहेर पडतात. आणि ते मरायला उशीर लावतात, त्याबद्दल पुढच्या प्रश्नात.

लिम्फोसाइट कमी होतात ते सगळे मरतात म्हणून नव्हे. कोविडकाळात घराघरात माहीत झालेले अँथनी फाउची यांनी १९७४ साली डेल यांच्यासोबत हे तपासलं होतं. हायड्रोकॉर्टिसोनच्या एका डोसनंतर चार ते सहा तासांत लिम्फोसाइट खूप खाली जातात आणि २४ तासांत पुन्हा वर येतात. मेलेले परत येत नाहीत, लपलेले येतात. ते रक्तातून निघून अस्थिमज्जेसारख्या ठिकाणी जाऊन बसलेले असतात.

दोन सूचना. केमोनंतर पांढऱ्या पेशी वाढवणारं फिलग्रास्टिमचं इंजेक्शन घेतलं असेल तर त्यानेही हा आकडा उसळतो. आणि ताप, थंडी, नव्याने खोकला असेल तर 'स्टेरॉइडमुळे असेल' म्हणून घरी बसू नका. स्टेरॉइड ताप दाबतं, त्यामुळे जंतुसंसर्ग मोठा आणि ताप लहान असं होऊ शकतं.

६. एकाच गोळीने लिम्फोसाइट मरतात आणि न्यूट्रोफिल जगतात, हे कसं शक्य आहे?

मला विचाराल तर या सगळ्यातला हाच खरा प्रश्न. बाकीची उत्तरं याच्या भोवती फिरतात.

रिसेप्टर सगळ्या पेशींत सारखाच आहे. वेगळं असतं ते केंद्रकातलं दार. डीएनए हा गुंडाळून ठेवलेला दोरा आहे. लिम्फोसाइटमध्ये त्याचा जो भाग उलगडलेला असतो तो न्यूट्रोफिलमध्ये बंद असू शकतो, आणि रिसेप्टर उघड्या भागावरच जास्त करून बसतो. शिवाय प्रत्येक पेशीत रक्षक आणि मारेकरी प्रथिनांचा आधीचा समतोल वेगळा असतो. एकच नोटीस चाळीत प्रत्येक दारावर लागते, पण कोणी सामान बांधतं आणि कोणी कुलूप बदलून घेतं.

थायमसमध्ये तयार होत असलेल्या, सीडी४ आणि सीडी८ या दोन्ही खुणा एकदम असणाऱ्या कोवळ्या टी-पेशी स्टेरॉइडने सगळ्यात लवकर मरतात. त्यांच्यात बीसीएल-२ मुळात कमी असतं. परिपक्व टी-पेशी बऱ्याच टिकतात. नुकताच जंतू ओळखून चाळवलेली टी-पेशी आणखी वेगळी. तिच्या जंतू ओळखणाऱ्या रिसेप्टरमधून आलेला संदेश आणि स्टेरॉइडचा संदेश एकमेकांना खोडतात, म्हणून दोन्ही एकदम आले तर ती वाचू शकते. इओसिनोफिल स्टेरॉइडने मरतात, दम्यात गोळीचा उपयोग होण्याचं एक कारण तेच. न्यूट्रोफिल एरवी तासा-दिवसांच्या आयुष्याचा, पण स्टेरॉइडमध्ये त्याचा आत्मघात लांबतो, कारण त्याला जगवणारी प्रथिनं टिकून राहतात. मॅक्रोफेज, म्हणजे कचरा गिळणाऱ्या पेशी, मरत नाहीत, ते स्वभाव बदलतात: भांडण कमी, साफसफाई जास्त. मेलेल्या लिम्फोसाइटचे तुकडे गिळायला अशाच मॅक्रोफेजची गरज असते, त्यामुळे हा योग मला फार नेटका वाटतो.

प्लाझ्मा पेशींत उलटा प्रकार. प्रतिपिंडं बनवणाऱ्या निरोगी, दीर्घायुषी प्लाझ्मा पेशी स्टेरॉइडला फारशा बधत नाहीत, पण त्यांच्याच कॅन्सरमध्ये, मायलोमात, डेक्सामेथासोन अजूनही उपचाराचा कणा आहे.

उंदरावरचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावणाऱ्यांसाठी: उंदीर स्टेरॉइडला हळवा प्राणी आहे, माणूस त्या मानाने चिवट. उंदराच्या लसीका ग्रंथी एका इंजेक्शनने ओसाड होतात. माणसात त्यातलं बरंचसं स्थलांतर असतं (प्रश्न ५).

७. बाबांच्या मानेतली गाठ दोन दिवसांत निम्मी झाली. मग बाकीची केमो घ्यायलाच हवी का?

हवी. स्टेरॉइडला सगळ्यात हळव्या असलेल्या पेशी आधी जातात आणि भोवतालची सूज उतरते, म्हणून गाठ झपकन लहान होते. पण ज्या पेशींत बिम वाढत नाही किंवा रक्षक प्रथिनं भरपूर आहेत त्या मागे उरतात. नुसत्या स्टेरॉइडवर आजार काही आठवड्या-महिन्यांत परततो आणि परतलेला आजार त्याच गोळीला दाद देईलच असं नाही (प्रश्न १०). वयस्कर रुग्णांना आर-चॉपच्या आधी सातेक दिवस नुसती प्रेडनिसोलोन देतात, ती पहिली केमो झेपावी म्हणून. तिला कोणी पूर्ण उपचार समजू नये.

८. बायोप्सीची तारीख लांब आहे. तोवर गाठ दुखते म्हणून स्टेरॉइड घेतलं तर चालेल का?

डॉक्टरांनी स्वतः सांगितल्याशिवाय अजिबात नाही. श्वासनलिका दबतेय, मणक्यावर दाब आहे अशा आणीबाणीत डॉक्टर तो निर्णय घेतात, आणि तेव्हाही जमेल तर आधी तुकडा काढून घेतात.

कारण प्रश्न ३ मध्ये आहे. रोगाच्या पेशीच मेल्या तर पॅथॉलॉजिस्टला स्लाइडवर मेलेल्या पेशींचा कचरा आणि तो खाणारे मॅक्रोफेज दिसतात. लिम्फोमा दिसत नाही, त्याचा प्रकार तर दूरच. मेंदूतल्या लिम्फोमात हे इतकं होतं, की त्याला 'भुताची गाठ' असं नाव पडलं. एमआरआयवर दिसलेली गाठ डेक्सामेथासोनच्या काही डोसांनंतर पुढच्या स्कॅनमध्ये नाहीशी. घरच्यांना वाटतं बरं झालं. काही आठवड्यांनी ती परत येते.

आपल्याकडे यात एक आणखी पेच आहे, टीबी. मानेत गाठ आली की पहिला संशय टीबीचा, आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. पण तपासणीविना टीबीची औषधं, त्यानेही गाठ उतरेना म्हणून वर स्टेरॉइड, आणि मग सहा महिन्यांनी लिम्फोमा, ही साखळी मी कितीतरी फायलींत पाहिली आहे. उलटही होतं. गाठ खरंच टीबीची असेल आणि टीबीच्या औषधांविना स्टेरॉइड दिलं, तर टीबी पसरतो.

आणि पुड्या. बाजारातून आणलेली, 'शंभर टक्के वनस्पतीजन्य' म्हणून दिलेली सांधेदुखीची पावडर जर दोन दिवसांत भूक वाढवते, चेहरा गोल करते आणि गाठही बसवते, तर तिच्यात वनस्पतीखेरीज काय आहे याचा संशय घ्या. अशा पावडरींत स्टेरॉइडची भेसळ सापडत आलेली आहे. पुडी घेत असाल तर लाजू नका, डॉक्टरांना दाखवा. कोणी रागावलं तर रागावू दे, बायोप्सी वाया जाण्यापेक्षा ते बरं.

९. इतक्या पेशी एकदम मेल्या तर शरीराला त्रास होत नाही का?

होतो, कधीकधी गंभीर. मेलेल्या पेशींतलं पोटॅशियम, फॉस्फेट आणि युरिक ॲसिड रक्तात येतं, कॅल्शियम खाली जातं, मूत्रपिंडावर ताण येतो. याला ट्यूमर लायसिस म्हणतात. आजाराचा भार मोठा आणि पेशी वेगाने वाढणाऱ्या असतील, उदाहरणार्थ बर्किट लिम्फोमा, तर नुसत्या स्टेरॉइडनेही हे होऊ शकतं. म्हणूनच पहिल्या सायकलला भरपूर सलाइन, युरिक ॲसिड कमी करणारं ॲलोप्युरिनॉल आणि पुन्हापुन्हा रक्त काढणं. युरिक ॲसिड फार वाढलं तर रॅसब्युरिकेज देतात, मात्र जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असणाऱ्यांना ते चालत नाही. लघवी कमी झाली, हृदयाची धडधड वाढली, हातापायांत गोळे आले तर सकाळची वाट पाहू नका.

१०. काही रुग्णांना स्टेरॉइड लागूच पडत नाही. असं का?

हुकूम पोहोचण्याच्या वाटेवर कुठेही अडथळा येऊ शकतो. काही पेशींत रिसेप्टरच कमी असतो किंवा त्याच्या जनुकात बिघाड असतो. हे सुरुवातीला क्वचित दिसतं, आजार उलटल्यावर जास्त. काही टी-पेशींच्या ल्युकेमियात वाढीचा एक संदेशमार्ग रिसेप्टरवर फॉस्फेट चिकटवतो आणि त्याला केंद्रकात जाऊच देत नाही. काही पेशींत रिसेप्टर आत जातो, पण बिमच्या जनुकाचं दार बंद असतं.

आणि काहींत सगळं नीट होऊनही रक्षक इतके असतात, की बिम पुरत नाही. बीसीएल-२ हे नावच बी-सेल लिम्फोमावरून पडलं. फॉलिक्युलर लिम्फोमात १४ आणि १८ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि या प्रथिनाचं उत्पादन बेसुमार वाढतं. ते पेशीची वाढ वेगवान करत नाही, तिला फक्त मरू देत नाही, हे १९८८ साली मेलबर्नमध्ये व्हॉ, कोरी आणि ॲडम्स यांनी दाखवलं. व्हेनेटोक्लॅक्स ही गोळी नेमकी बीसीएल-२ ला अडवते, म्हणजे बिमचं काम बाहेरून करते.

मुलांच्या ल्युकेमियात (एएलएल) हा प्रश्न थेट परीक्षा म्हणून वापरतात. सात दिवस प्रेडनिसोलोन देऊन आठव्या दिवशी रक्तातल्या रोगट पेशी मोजायच्या. दर मायक्रोलिटरला हजाराच्या आत असतील तर प्रतिसाद चांगला. इतक्या स्वस्त चाचणीने इतकी माहिती देणारं दुसरं काही मला चटकन आठवत नाही.

११. लिम्फोमाही आहे आणि टीबीची औषधंही चालू आहेत. एकमेकांत अडचण येते का?

येते, आणि ती कशी येते ते पाहण्यासारखं आहे. टीबीवरचं रिफॅम्पिसिन स्वतःच एका न्यूक्लिअर रिसेप्टरला चालू करतं. त्याचं नाव पीएक्सआर, तो यकृतात असतो. परकी रसायनं आली की सफाईची विकरं वाढवणं हे त्याचं काम. रिफॅम्पिसिनमुळे तो इतका कामाला लागतो, की प्रेडनिसोलोनही झपाट्याने निकामी होते. म्हणजे एका केंद्रकीय रिसेप्टरचं औषध दुसऱ्या केंद्रकीय रिसेप्टरच्या औषधाचा काटा काढतं. गोळी वेळेवर घेतली, रक्तात मात्र पुरेशी राहिली नाही.

हा परिणाम चढायला आणि रिफॅम्पिसिन थांबवल्यावर उतरायला साधारण दोन आठवडे लागतात. उपाय डॉक्टर ठरवतात: डोस बदलणं किंवा रिफॅब्युटिनसारखा सौम्य पर्याय. तुमचं काम एकच, दोन्ही फायली दोन्ही डॉक्टरांना दाखवणं. टीबीचा दवाखाना वेगळा आणि केमोचा वेगळा असला की हीच गोष्ट राहून जाते. बुरशीवरचं इट्राकोनॅझोल याच्या उलट वागतं. त्याने स्टेरॉइड रक्तात साठतं, आणि विन्क्रिस्टिनही, ज्याने नसांना इजा होते.

१२. स्टेरॉइडखेरीज न्यूक्लिअर रिसेप्टरवर चालणारं दुसरं औषध कॅन्सरमध्ये आहे का?

आहेत, आणि ती सगळी मारून काम करत नाहीत. सर्वांत गाजलेलं एट्रा, रेटिनॉइक आम्लाचं एक रूप. प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात १५ आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे जुळून रेटिनॉइक रिसेप्टर बिघडतो आणि पेशी लहानपणातच अडकतात. शांघायमध्ये वांग झेन्यी आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली २४ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला आणि त्यांतल्या सगळ्यांचा आजार आटोक्यात आला. एट्रा पेशीला मोठं होऊ देतं. मोठी झालेली पेशी आपल्या नेहमीच्या आयुष्यमानाने मरते. मधल्या काळात या पेशी फुप्फुसात गर्दी करून धाप लावू शकतात. तेव्हा काय देतात? डेक्सामेथासोन.

त्वचेच्या टी-सेल लिम्फोमासाठी बेक्सारोटीन आहे, अमेरिकेत १९९९ पासून मान्यताप्राप्त. ते आरएक्सआर या रिसेप्टरला चिकटतं. आरएक्सआर हा सगळ्यांचा जोडीदार: व्हिटॅमिन डी, थायरॉइड, रेटिनॉइक आम्ल, सगळे रिसेप्टर त्याच्याशी जोडी करून डीएनएवर बसतात. म्हणून बेक्सारोटीनचे दुष्परिणामही दूरवर जातात. ट्रायग्लिसराइड भरमसाट वाढतात आणि थायरॉइडचं काम मंदावतं, तेही टीएसएच खाली जाऊन, त्यामुळे नुसता टीएसएच पाहणारा फसतो. चरबी उतरवायला जेमफिब्रोझिल मात्र द्यायचं नाही, त्याने बेक्सारोटीनच रक्तात वाढतं.

या आजाराच्या नेहमीच्या प्रकाराचं नाव मायकोसिस फंगॉइडिस. नावात फंगस असला तरी बुरशी नाही. गजकर्ण समजून वर्षानुवर्षं दुकानातलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावणाऱ्यांत तो झाकून राहतो. मलम लावलं की चट्टा फिकट होतो, थांबवलं की परत येतो.

१३. व्हिटॅमिन डी आणि पायोग्लिटाझोन पण न्यूक्लिअर रिसेप्टरवरच चालतात. मग ती घ्यावीत का?

लिम्फोमाचं औषध म्हणून नाही. प्रयोगशाळेच्या बशीतल्या लिम्फोमा पेशींवर दोन्ही जातींच्या रसायनांचा परिणाम दिसला आहे, पण बशीतला डोस आणि माणसातला डोस यांत फार अंतर असतं. कमतरता असेल तर व्हिटॅमिन डी भरून काढा, स्टेरॉइडमुळे हाडं ठिसूळ होतात म्हणूनही. पण आधी कॅल्शियम तपासा. काही लिम्फोमांत शरीर स्वतःच व्हिटॅमिन डीचं सक्रिय रूप जादा बनवतं आणि कॅल्शियम धोकादायक वर जातं. पायोग्लिटाझोन मधुमेहाचं औषध आहे, तेवढंच राहू द्या.

१४. आमच्या भाच्याला हॉजकिन लिम्फोमा आहे. त्याच्या केमोत स्टेरॉइडच नाही. विसरले का?

नाही. एबीव्हीडी या पद्धतीत स्टेरॉइड नसतंच. त्याआधीच्या मॉपमध्ये होतं, बीकॉपमध्ये आजही आहे. हॉजकिनच्या गाठीत रोगट पेशी मूठभर आणि बाकी सगळी भोवती जमलेली प्रतिकारपेशींची जत्रा असते. एबीव्हीडीने स्टेरॉइडविना चांगले निकाल दिले, म्हणून ते घातलं नाही.

१५. कार-टी थेरपीत स्टेरॉइड दिलं तर कार-टी पेशीच मरणार नाहीत का?

शंका रास्त आहे. कार-टी म्हणजे रुग्णाच्याच टी-पेशी, बाहेर नेऊन लिम्फोमाच्या पेशी ओळखायला शिकवलेल्या. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या नेक्सकार१९ ला भारतात ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, तेव्हापासून हा प्रश्न मराठीतही येऊ लागला.

म्हणूनच या पेशी चढवण्याच्या आधी आणि नंतर विनाकारण स्टेरॉइड टाळतात, उलटीसाठीसुद्धा. पण पेशी फार चेकाळल्या, ताप आणि रक्तदाब हाताबाहेर गेला किंवा मेंदूवर परिणाम दिसला, तर हा भडका शमवणारं टोसिलिझुमॅब आणि डेक्सामेथासोन द्यावंच लागतं. चाळवलेल्या टी-पेशी स्टेरॉइडला तुलनेने टिकतात (प्रश्न ६), त्यामुळे थोडे दिवस दिलेल्या स्टेरॉइडने सगळं पाण्यात जात नाही. किती दिवस दिलं, यावर बरंच अवलंबून.

१६. साखर, झोप, उचकी: गोळ्यांच्या पाच दिवसांत काय काय सांभाळायचं?

गोळ्या सकाळी, नाश्त्यानंतर, एकदम. संध्याकाळी घेतल्या तर रात्री तीनला भांडी घासत बसाल, हे एका मावशींनीच सांगितलं. सकाळच्या डोसने साखर दुपारी आणि संध्याकाळी चढते. उपाशीपोटीची साखर ९८ आली म्हणून खूश होऊ नका, दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी मोजा. उचकी लागते, विशेषतः पुरुषांना आणि डेक्सामेथासोनने जास्त. चेष्टा वाटते, पण दोन दिवस थांबली नाही तर सांगा, औषध आहे. चिडचिड, रडू, अकारण उत्साह, हेही गोळीचं.

पाच दिवसांनंतर एकदम थांबवायची भीती नको. इतक्या थोड्या दिवसांत ॲड्रिनल ग्रंथी सहसा झोपी जात नाही. सहाव्या-सातव्या दिवशी गळून गेल्यासारखं वाटतं, ते बहुधा उतरणीचं. तीन आठवड्यांहून जास्त सलग घेत असाल तर मात्र हळूहळू कमी करायची, मनाने थांबवायची नाही. दुकानात प्रेडनिसोलोन नाही म्हणून डेक्सामेथासोन दिलं तर घेऊ नका: ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन म्हणजे ०.७५ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन. आकडा तोच ठेवला तर हाहाकार.

उपचारांआधी हिपॅटायटिस बीची तपासणी झाली आहे ना, तेही विचारा. रिटुक्सिमॅब आणि स्टेरॉइड मिळून झोपलेला विषाणू जागा करू शकतात. साखर आणि स्टेरॉइड दोन्ही बेबंद झाली तर काय होतं, ते २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसने महाराष्ट्राला दाखवलं.

१७. घशासाठी ज्येष्ठमध चघळला तर?

या पाच दिवसांत नको. ज्येष्ठमधातलं द्रव्य स्टेरॉइड निकामी करणाऱ्या विकराला अडवतं. पोटॅशियम उतरतं, रक्तदाब चढतो. मीठ-पाण्याच्या गुळण्या करा.

१८. मी एमएस्सीला आहे. स्टेरॉइडने पेशी मेल्या की फक्त वाढायच्या थांबल्या, हे कसं ओळखायचं?

नुसत्या एमटीटीवर विसंबू नकोस. ती चाचणी पेशींची चयापचयाची धुगधुगी मोजते. थांबलेल्या पेशी आणि मेलेल्या पेशी दोन्हीकडे रंग फिका येतो, आणि स्टेरॉइडने दोन्ही होतं. फ्लो सायटोमीटरवर ॲनेक्सिन आणि प्रोपिडियम आयोडाइड एकत्र लाव. फक्त ॲनेक्सिन लागलेल्या पेशी मरणाच्या वाटेवर, दोन्ही लागलेल्या गेलेल्या. सहा तासांत काही दिसलं नाही म्हणून प्रयोग फेकू नकोस, ४८ तासांपर्यंत बघ.

सीरममध्ये मुळातच कॉर्टिसॉल असतं, म्हणून कोळशाने धुतलेलं सीरम वापर, नाहीतर तुझा 'औषध नसलेला' गट औषधातच पोहत असेल. डेक्सामेथासोन ज्या द्रावणात विरघळवलंस ते नुसतं द्रावण घातलेला गट हवाच. आणि मृत्यू खरंच रिसेप्टरमार्फत झाला का, हे पाहायला सोबत मिफेप्रिस्टोन घाल. गर्भपाताची गोळी म्हणून ती माहीत आहे, पण ती ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरही अडवते. तिने पेशी वाचल्या तर उत्तर मिळालं.

१९. सहा सायकली संपल्या. उरलेल्या गोळ्यांचं काय करू?

आधी मोजा. उरायलाच नको होत्या, उरल्या असतील तर कोणत्या सायकलला कमी घेतल्या ते डॉक्टरांना सांगा. मग पाकीट आमच्या काउंटरवर आणून द्या. आत्याच्या गुडघ्यासाठी ठेवू नका, विशेषतः आत्याच्या मानेत गाठ असेल तर (प्रश्न ८).